उंबऱ्याआडची किमया

आजार बरे करणारी किमया मी शोधून काढली ती एका रविवारी दुपारी, सुरमईचं तिखलं आणि दोन वाढी भात पोटात गेल्यावर. एवढा मोठा शोध लावणारा माणूस त्या वेळी बनियनवर होता आणि त्याचा एक पाय खाटेवरून खाली लोंबत होता, हे मी आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर माझी मुलगी सांगेलच.

ती तेव्हा तिसरीत होती. अंगात ताप होता, म्हणून शाळेतून आणलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या शेजारी पडली होती. पुस्तकात कोणीतरी किमयागार होता आणि तो लोखंडाचं सोनं करायचा. तिला ते काही पटलं नाही.

"पप्पा, सोनं करून काय उपयोग? ह्याला तापाचं काही करता येत नाही का?"

"येतं की," मी डोळे न उघडता म्हणालो. "पण ती किमया वेगळी."

एकदा तोंडातून निघाल्यावर माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. मग मी सांगत गेलो. आपल्यासारख्याच एका चाळीत, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एक किमयागारीण राहते. तिला सोन्यात रस नाही. प्रत्येक जित्या जिवात एक धग असते. तुझ्यात, माझ्यात, मांजरात, तुळशीतसुद्धा. ज्याच्याकडे जास्त असते त्याच्याकडून ती थोडी धग मागून घेते, तांब्याच्या पेल्यात धरते आणि आजाऱ्याला जे कमी पडलं असेल ते त्या धगीचं करून देते. कुणाला झोप, कुणाला भूक, कुणाला पायात बळ.

"मागून घेतली हे देणाऱ्याला कळतं कसं?"

मला नेमकी जांभई आली. "जांभई येते," मी म्हणालो. "धग गेली की जांभई."

"मग ती पेला घेऊन आजाऱ्याच्या घरी जाते?"

आता खरं सांगायचं तर त्या बाईला आजाऱ्याच्या घरी पाठवणं मला काही अवघड नव्हतं. पण तिला पाठवायची म्हणजे जिना आला, रस्ता आला, त्या घरातली माणसं आली, आणि माझी तर मान कलायला लागली होती. म्हणून मी म्हणालो, "नाही. ती उंबरा ओलांडत नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहूनच देते. उंबरा ओलांडला की किमया मोडते."

"का?"

"नियम आहे."

मी जागा झालो तेव्हा पोरीचा ताप उतरला होता, म्हणजे डॉक्टरांच्या गोळीने आपलं काम केलं होतं. तिने मात्र शाळेची एक जुनी वही उलटी करून मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: नियम पहिला, धग नवी होत नाही, फक्त इकडून तिकडे जाते. नियम दुसरा, देणाऱ्याला जांभई येते. नियम तिसरा, उंबरा ओलांडायचा नाही.

पुढची पाच-सहा वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या खोलीत गॅलरीतली सगळी पोरं गोळा व्हायची. माझ्या झोपेचं खोबरं व्हायचं आणि नियम वाढत जायचे. ते पाळायचे असतात हे फक्त मला माहीत नव्हतं. "काका, मागच्या रविवारी ती डावखुरी होती," असं एखादं शेंबडं पोर मला भर सभेत सुनवायचं. मग मुलगी वही काढायची, पान उलटायची आणि न्यायाधीशासारखं सांगायची, "डावखुरीच आहे. पप्पा चुकले."

पोरं मोठी झाली, वही पोटमाळ्यावर गेली. मुलगी बारावीनंतर फिजिओथेरपीला गेली. मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो, की हे बाळकडू माझं. बसल्या जागी बरं करण्याची विद्या मीच तिला पाजली. ती म्हणाली, "पप्पा, मार्क तेवढे होते म्हणून गेले." पण लग्नाबिग्नांत मी अजून माझीच आवृत्ती सांगतो.

ती तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा आमचे बाबा पडले.

बाबा म्हणजे करी रोडच्या आमच्या चाळीतला सगळ्यात सरळ चालणारा माणूस. गिरणीत कापडखात्यात होते. उभा जन्म साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, रांगांमधून चालण्यात गेला. बसून काम करणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. मी ऑफिसात बसून काम करतो, त्यामुळे माझ्याविषयी त्यांचं मत काय असेल ते वेगळं सांगायला नको. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गॅलरीतल्या ओल्या लादीवर त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, सगळं ठीक झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट चार वेळा सांगितली: वॉकर धरून चालवा, पायावर वजन येऊ द्या, नाहीतर पाय बसेल तो बसेलच.

आता आमच्या चाळीचा नकाशा सांगायला हवा. एका मजल्यावर एक लांब गॅलरी, आमची खोली तिच्या ह्या टोकाला आणि संडास त्या टोकाला. मध्ये नऊ दारं. मंडळाने गेल्या वर्षी संडासांपैकी एकात खुर्चीसारखं कमोड बसवून घेतलं होतं, हे आमचं नशीब. खाटेखाली ठेवायचं भांडंही आम्ही आणलं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ह्या माझ्या डोळ्यासमोरसून हलव. मी माझ्या पायांनी जातंय."

पहिल्या सकाळी ते वॉकर धरून दारात आले. एक पाऊल टाकलं. वॉकरचा टप्‌ असा आवाज झाला आणि सगळी गॅलरी बाहेर पडली.

चाळीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे माणूस अडचणीत दिसला की आधी हात लावायचा, विचार मग. तिसऱ्या दारातल्या काकी पीठ मळत्या हाताने धावल्या. "भावोजी, हळू हो, पडशात!" पाचव्या दारातला दादा, जो व्यायामशाळेत जातो, तो म्हणाला, "अरे म्हाताऱ्याला काय चालवताय? खुर्ची आणा!" प्लॅस्टिकची खुर्ची आली. चौघांनी चार पाय धरले. मी एक पाय धरला होता, हेही नोंदवून ठेवतो. बाबा काही बोलायच्या आत जमिनीपासून तीन फूट वर होते आणि आम्ही त्यांना घेऊन निघालो. मधल्याच कुठल्यातरी दारातून एका लहानग्याने, त्याची काय चूक, दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "मोरया!"

सगळे हसले. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि ते समोरच्या टॉवरकडे बघत होते. परत आणल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

"काय झालं बाबा?"

"मी काय गणपती आसंय?"

रोज तेच होऊ लागलं. वॉकरचा टप्‌ ऐकू आला की दारं उघडत, खुर्ची येई. मी लोकांना सांगून पाहिलं. "जरा त्यांना चालू द्या," असं म्हटलं की काकी म्हणत, "आम्ही काय परके?" आणि डोळ्याला पदर लावत. मग मीच म्हणे, तसं नाही हो काकी, धरा, धरा.

दहाएक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दारातली तुळस फार तरारली आहे. इतकी की माझ्या बायकोने तिचं तोंडभर कौतुक केलं आणि त्याचं श्रेय चहाच्या चोथ्याला दिलं. मुलगी कॉलेजातून आली, तिने तुळशीकडे पाहिलं, मग आजोबांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. तिने आजोबांच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या उचलला. रिकामा.

"आजोबा, पाणी कोण प्यायलं?"

"मी."

"तुम्ही की तुळस?"

बाबांची खाट दारालगत होती आणि हात पुरत होता. दिवसाला एक फुलपात्रभर पाणी पिऊन उरलेलं ते तुळशीला घालत होते. पाणी नाही प्यायलं की जावं लागत नाही, जावं लागलं नाही की खुर्ची येत नाही. इतका साधा हिशेब.

डॉक्टरांना फोन केला तर ते माझ्यावर भडकले. ह्या वयात पाणी तोडलं तर पायाचं राहू द्या, भलतंच काही होऊन बसेल, म्हणाले. आता गोष्ट फक्त पायाची राहिली नव्हती. बाबा आपल्या पायांनी त्या टोकाला गेले तरच पाणी पिणार होते, आणि पाणी प्यायले तरच आम्हाला राहणार होते.

मला जे एकच येतं ते मी केलं. संध्याकाळी खाटेशेजारी बसलो आणि बाबांना किमयागारणीची गोष्ट सांगायला घेतली. ती कशी टोकाच्या खोलीत राहते, आजाऱ्याने नुसतं पडून राहायचं, पायात बळ कसं आपोआप येतं. मी अगदी रंगात आलो होतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरी करता ती लोकांका?"

"हो ना."

बाबांनी संडासाच्या टोकाकडे बोट केलं. "मग तिका सांग, माझ्या बदली तीच थयसर जाऊन येऊ दे."

मोरीतून मुलगी खो-खो हसली. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली, हात पुसत. आता ती हसत नव्हती.

"पप्पा, तुमच्या गोष्टीत हाच घोळ आहे. पेशंट नुसता झोपलेला असतो. सगळं बाकीचेच करतात. आपल्या गॅलरीत दुसरं काय चाललंय?"

"मी आता काय करू मग?"

"तुम्ही धावू नका. खुर्ची दिसली की पहिला हात तुमचा असतो."

हे अगदी खरं असल्यामुळे मला त्याचा राग आला. मी बाहेर जाऊन दोन चहा पिऊन आलो. परत आलो तेव्हा स्टूल लावून ती पोटमाळ्यावर चढली होती. वर धूळ, शिंका आणि मग एकदम शांतता. उतरली ती हातात वही घेऊन.

"नियम तिसरा," तिने वाचलं. "उंबरा ओलांडायचा नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहूनच धग द्यायची. ओलांडला की किमया मोडते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, हे तुम्हाला कसं सुचलं होतं?"

झोप आली होती म्हणून, हे त्या क्षणी सांगणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "असंच."

त्या संध्याकाळी ती नऊही दारांत गेली. मी तिच्या मागे उभा होतो, शोधकर्त्याला शोभेल अशा चेहऱ्याने. आधी तिने सगळ्यांना नीट, साध्या शब्दांत सांगितलं: हाड जुळायला पायावर वजन यावंच लागतं, आपण उचलतो तेव्हा पाय रिकामा राहतो, आणि आजोबांनी लाजेपायी पाणी सोडलंय. हे ऐकून पाचव्या दारातला दादा खालीच बघायला लागला. "च्यायला," तो हळूच म्हणाला, "मीच खुर्ची आणली होती ना."

मग तिने वही उघडली. दादा माझ्या रविवारच्या सभेत वाढलेला. तिसरा नियम ऐकून त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तर मला पाठ आहे! उंबरा ओलांडला की किमया मोडते!"

"मग उद्या सात वाजता आपापल्या उंबऱ्याच्या आत. दर दोन दारांनी एक स्टूल ठेवायचं. आजोबांच्या कमरेला पट्टा बांधलेला असेल, तो मी धरीन. मी हाक मारल्याशिवाय कोणीही पाय बाहेर टाकायचा नाही."

"आणि हात?" काकींनी विचारलं.

"हातही नाही, काकी."

काकींना ते फारच जड गेलं. "मग मी करू काय?"

"धग द्या."

सकाळी सात वाजता आमची गॅलरी मी तशी कधी पाहिली नव्हती. नऊ दारांत रांगोळ्या, आणि प्रत्येक रांगोळीच्या मागे माणसं, देवळाच्या दारात ताटकळल्यासारखी. बाबा दारात आले. पट्टा बांधलेला, वॉकर हातात. त्यांनी एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांना सगळं सांगितलेलं होतं.

"कोणी येवचा नाय?"

"कोणी नाही, आजोबा."

"आणि पडलंय तर?"

"मी आहे ना."

टप्‌. पाऊल. टप्‌. पाऊल.

पहिलं दार, दुसरं दार. तिसऱ्या दारात काकी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, जणू कोणी अटक केली आहे. बाबा समोर आले तसे त्यांचे डोळे भरले, पण त्या हलल्या नाहीत. आणि मग, सकाळची वेळ, अर्धवट झोप, त्यांना एक मोठी जांभई आली.

दादा आपल्या दारातून ओरडला, "गेली! काकींची गेली!"

मला वाटलं बाबा चिडतील. ते थांबले, वॉकरवर टेकले आणि काकींकडे वळून म्हणाले, "गावली हो वहिनी."

जांभई कशी असते ते सगळ्यांनाच माहीत आहे. चौथ्या दारात आली, पाचव्यात दादाला आली, आठव्या दारातल्या आजींना तर तीनदा आली. लोक तोंड लपवून जांभया देत होते आणि हसत होते, आणि बाबा प्रत्येक दाराला मान हलवून ते घेत चालले होते, साच्यांच्या रांगेतून जात असल्यासारखे, ताठ.

सहाव्या दारापाशी त्यांचा पाय थरथरला. मधला भाग, स्टूल एका पावलावर. ते थांबले. मान खाली गेली. घामाचा एक थेंब लादीवर पडलेला मला आमच्या दारातून दिसला, किंवा मला तसं वाटलं. काय झालं मला कळलं नाही. माझा पाय उचलला गेला.

"पप्पा!"

मुलीने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. तिचा एक हात पट्ट्यावर होता, दुसरा आजोबांच्या पाठीपासून वीतभर लांब, न टेकलेला. ती वाकून त्यांना काहीतरी हळू सांगत होती, वजन कुठल्या पायावर घ्यायचं ते, आणि तिच्या आवाजात भीती नव्हती. मी त्या आवाजाचा बाप आहे, हे मला त्या क्षणी जरा नवलाचंच वाटलं.

सबंध गॅलरी माझ्यावर ओरडली. "काका, उंबरा! उंबरा!"

मी पाहिलं तर माझा उजवा पाय रांगोळीच्या मधोमध होता. मी तो मागे घेतला. तळव्याला गुलाबी रंग लागला होता.

बाबांनी मान वर केली. "झीलग्या," त्या टोकाकडे बघतच ते मला म्हणाले, "घरात ऱ्हव."

मग त्यांनी पाऊल टाकलं. स्टुलावर बसले नाहीत. सातवं, आठवं, नववं.

संडासाच्या दारात मुलीने पट्टा सोडला आणि बजावलं, "आजोबा, कडी नाही लावायची हं." ते आत गेले. दार लागलं. नंतर, सगळी गॅलरी श्वास धरून उभी असताना, आतून कडीचा आवाज आला. खट्‌.

मुलगी दाराबाहेर कान देऊन उभी राहिली. तिने कडी काढायला सांगितलं नाही. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे किंवा हसते आहे, आणि मग तिने मला दुरूनच अंगठा दाखवला.

परतीला त्यांनी दोन स्टुलांवर बसकण घेतली आणि दादाला ऐकवलं, की व्यायामशाळेत जाऊनही तुझी जांभई अगदीच बारीक आली. आमच्या दाराशी आले, वॉकर न सोडता उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी हाड."

बायकोने तांब्या आणला. आमच्यात उभ्याने पाणी पिऊ देत नाहीत, पण त्या दिवशी कोणी बोललं नाही. सगळ्या गॅलरीच्या साक्षीने त्यांनी तो अख्खा तांब्या तोंडाला लावून संपवला.

आज ते दिवसातून चार फेऱ्या मारतात, आता काठीवर. उंबऱ्याचा नियम अजून चालू आहे; काकी हात पाठीमागेच ठेवतात, आता सवयीने. वहीत तिसऱ्या नियमाच्या खाली मुलीने निळ्या शाईने एक ओळ लिहिली आहे: चालायचं आजाऱ्यानेच. लग्नात कोणी विचारलं तर मी सांगतो, किमया मूळ माझी, पण ती पुरी केली माझ्या मुलीने. सांगताना माझी छाती अंमळ पुढे येते. बायको शेजारून पोट आत घ्यायला सांगते.

तुळस मात्र मध्यंतरी पार मलूल झाली होती. तिला पाणी घालायचं आता कोणीतरी लक्षात ठेवायला हवं, असं बाबा म्हणाले, माझ्याकडे बघून. बसल्या बसल्या होणारं काम आहे, म्हणाले.